कोडिंग शिबिराची सूचना मुलांपर्यंत पोहोचू द्या

महोदय,

साखर पेठेतल्या आमच्या वाचनालयात येत्या रविवारी मुलांसाठी मोफत कोडिंग शिबिर आहे. मागच्या खेपेला नऊच मुलं आली. एका शाळेत आमचं पत्रक टेबलाच्या खणातच राहिलं. त्या नऊ जणांत सातवीतली एक मुलगी होती, वडील मागावर कामाला. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाने २००७ मध्ये आणलेल्या ‘स्क्रॅच’ या मुलांसाठीच्या कोडिंग भाषेत पडद्यावरचे सूचनांचे ठोकळे जोडून तिने चादरीवरचा मोर उमटवला. नक्षी विणणाऱ्या जकार्ड मागाच्या पुठ्ठ्याला भोक असेल तर धागा उचलायचा, नसेल तर नाही, हे तिला घरूनच ठाऊक होतं! १८०४ सालची तीच युक्ती पुढे संगणकाला सूचना देणाऱ्या, भोकं पाडलेल्या पंचकार्डांत आली.

आपण चार ओळी छापाव्यात, मुख्याध्यापकांनी परिपाठात सूचना वाचून दाखवावी, ही कळकळीची विनंती. संगणक आमच्याकडे आहेत.

– एक निवृत्त शिक्षिका, सोलापूर