टेक्सोमावर जुलैत मासा धरून सोडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

उन्हाळ्यात डॅलसला मुलांकडे आलेल्या पाहुण्यांना हौसेने टेक्सास-ओक्लाहोमाच्या सीमेवरच्या लेक टेक्सोमा या तलावावर स्ट्राइप्ड बास हा मासा धरायला नेतात. मासा धरला, फोटो काढला, जीव वाचवला म्हणून परत पाण्यात सोडला. एप्रिलमध्ये हे ठीक आहे. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र शेपटी हलवत खाली गेलेला मासाही बऱ्याचदा नंतर मरतो. तो डोळ्यांसमोर मरत नाही इतकंच.

हा मुळात अटलांटिक किनाऱ्याचा, अंडी घालायला नदीत चढणारा मासा. मोठ्या माशाला २४-२५ अंश सेल्सिअसच्या वरचं पाणी सोसत नाही आणि ऑगस्टमध्ये टेक्सोमाचं वरचं पाणी ३० अंशांच्या आसपास तापलेलं असतं. खाली गारवा आहे, पण वरचं हलकं, गरम पाणी झाकणासारखं बसल्याने तिथे नवा ऑक्सिजन पोचत नाही, आणि असलेला तळाच्या कुजण्यात संपतो. मासा मधल्या पट्ट्यात कोंडतो. तिथून झुंजवत वर आणलेल्या माशाला सर्वांत जास्त ऑक्सिजन हवा असतो, नेमका तेव्हाच तो सर्वांत गरम पाण्यात असतो. दक्षिण कॅरोलिनात सँटी-कूपरच्या तलावांवर उन्हाळ्यात, सप्टेंबरअखेरपर्यंत, या माशाचा हंगामच बंद ठेवतात. टेक्सोमावर तशी बंदी नाही.

म्हणून उन्हाळ्यात खायला हवे तेवढेच मासे धरावेत आणि मग गळ गुंडाळावेत. इथला नियम माणशी दिवसाला दहा माशांचा, त्यांत २० इंच किंवा त्याहून मोठे दोनच. खरी अडचण या दोनमध्ये आहे. मोठ्या माशांच्या थव्यावर बोट उभी राहिली की तिसरा मोठा मासा कायद्याने सोडावाच लागतो, आणि तो वाया जातो. दोन झाले की जागा बदलावी. बोटीवरच्या टाकीत ठेवलेला लहान मासा मोठा मिळाल्यावर बदलून सोडणं तर नियमातच बसत नाही.

जिवंत शॅड (छोटे चंदेरी मासे) आमिषाला वापरताना साधा गळ नको, टोक आत वळलेला सर्कल हुक घ्यावा, १/० ते ३/० मापाचा. शॅड नाकपुड्यांतून ओवावा. मासा लागल्यावर हिसका द्यायचा नाही. आपल्याकडे गळ टाकणाऱ्यांचा हात इथेच चुकतो. सावकाश रीळ फिरवलं की गळ जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, हिसक्याने तो निसटतो. साधा गळ मासा गिळून टाकतो आणि तो पोटात रुततो. तंगूस (गळाची दोरी) २० पौंड ताण सोसणारा असावा, म्हणजे झुंज लांबत नाही. फिशफाइंडरची (पाण्याखालचं पडद्यावर दाखवणाऱ्या यंत्राची) संवेदनशीलता वाढवली की गरम-गार पाण्याच्या सीमेचा धुरकट पट्टा दिसतो. आमिष त्याच्या वर ठेवावं. खाली सोडलेला शॅड गुदमरून मरतो आणि तिथे मासाही नसतो.

शॅडची टाकी गोल लागते, चौकोनी टाकीच्या कोपऱ्यात ते गर्दी करून नाकं फोडून घेतात. पाणी तलावापेक्षा थोडं गार ठेवावं, त्यात खडेमीठ टाकावं, हवा सतत चालू ठेवावी. नळाच्या पाण्याचा बर्फ थेट टाकू नये. त्यातलं क्लोरीन शॅडला मारतं. बाटलीत गोठवून बाटलीच टाकावी.

ठेवायचा मासा लगेच कल्ले कापून रक्त काढून बर्फ-पाण्यात घालावा. कातडीखालची गडद लाल पट्टी काढली नाही तर कालवणाला उग्र वास येतो. या भागाशिवाय मांस पांढरं, घट्ट, तळायला उत्तम.

परवाना टेक्सोमाचा खास घ्यावा, तो दोन्ही राज्यांच्या हद्दीत चालतो. आणि बोटवाला ठरवताना एक प्रश्न आधी विचारावा: दोन मोठे मासे मिळाल्यावर तुम्ही जागा बदलता का?

आपला,
एक वाचक, डॅलस (टेक्सास)