स्फोटाचा आवाज आणि शिव्यांचा आवाज

महोदय,

गेल्या रविवारी गंगापूर रोडवरील एका मिसळीच्या दुकानात शेजारच्या टेबलावर चार महाविद्यालयीन मुले आदल्या रात्री पाहिलेल्या विज्ञानकथा मालिकेच्या भागावरून हिरिरीने भांडत होती. तर्री निवत चालली होती, पाव तसेच पडले होते, आणि वाद एवढाच की अवकाशात हवा नसताना यानाच्या स्फोटाचा आवाज ऐकू आलाच कसा. ध्वनीला माध्यम लागते हा धडा मी वर्षानुवर्षे शिकवला, पण असा उत्साह वर्गात क्वचितच दिसला. मात्र त्याच भागावरच्या इतर प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया त्यांनी मोबाइलवर दाखवल्या तेव्हा वाईट वाटले : लेखकाला शिव्या, अभिनेत्रीच्या दिसण्यावर शेरे, आणि शेवट पहिल्याच ओळीत फोडलेला.

चाहत्यांचा रेटा वाया जातो असे नव्हे. ‘स्टार ट्रेक’ ही विज्ञानकथा मालिका बंद पडणार अशी कुणकुण लागताच अमेरिकेतील प्रेक्षकांनी पत्रांचा असा मारा केला, की १ मार्च १९६८ रोजी भाग संपताच वाहिनीला मालिका सुरू राहणार असल्याचे जाहीर करावे लागले. (पुढच्याच वर्षी ती बंद झाली, हा भाग वेगळा.) नासाच्या पहिल्या स्पेस शटलला १९७६ मध्ये याच मालिकेतील यानाचे ‘एंटरप्राइज’ हे नाव मिळाले, तेही चाहत्यांच्या पत्रांमुळेच.

डॉ. जयंत नारळीकर यांच्यासारखा विज्ञानकथाकार २०२१ च्या ज्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होता, ते नाशिकलाच भरले होते. येथील वाचनालयांनी आणि महाविद्यालयांनी महिन्यातून एकदा एखादा भाग दाखवून त्यातील विज्ञानावर मुलांना समोरासमोर भांडू द्यावे, अशी विनंती आहे.

– एक निवृत्त विज्ञान शिक्षक, नाशिक