सत्काराच्या आधीची वर्षे : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,

सविनय नमस्कार.

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या चित्रपटाला जागतिक कथाचित्र विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. त्याआधी, २०१४ मध्ये, चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने व्हेनिसमध्ये ओरिझोन्ती विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पदार्पणाच्या चित्रपटासाठीचा असे दोन पुरस्कार मिळवले होते, आणि २०२० मध्ये त्यांचाच 'द डिसायपल' व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत जाऊन पटकथेचा पुरस्कार घेऊन आला. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'ला २०१४ मध्ये बर्लिन महोत्सवात क्रिस्टल बेअर हा पुरस्कार मिळाला. ही नावे आपल्याला ठाऊक आहेतच. मला लिहायचे आहे ते या बातम्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या काळाविषयी, कारण स्वतंत्र दिग्दर्शकाचे बहुतेक आयुष्य त्याच काळात जाते आणि नेमके तिथेच शासन त्याच्यासोबत नसते.

मी मराठी चित्रपटांची इंग्रजी सबटाइटल्स करते, त्यामुळे चित्रपट बहुधा अपुरा असतानाच माझ्याकडे येतो. ध्वनीचे काम बाकी असते, रंगसंस्कार झालेले नसतात, पण महोत्सवाची अंतिम तारीख चार दिवसांवर आलेली असते. दिग्दर्शक शेजारी बसून ओळ न् ओळ तपासतो आणि मधूनच बाहेर जाऊन फोनवर स्टुडिओच्या थकलेल्या बिलासाठी मुदत मागतो. इथवर पोहोचायला त्याला काही वर्षे लागलेली असतात : पटकथा लिहायची, परदेशातल्या लॅबना, म्हणजे पटकथेच्या कार्यशाळांना, आणि निधींना अर्ज करायचे, गोव्याच्या फिल्म बाजारात अनोळखी निर्मात्यांसमोर थोडक्या मिनिटांत आपला चित्रपट मांडायचा, आणि घर चालवण्यासाठी मधल्या मधे जाहिराती किंवा मालिकांची कामे करायची. 'कोर्ट'च्या पटकथेला रॉटरडॅम महोत्सवाच्या ह्युबर्ट बाल्स निधीने हात दिला होता. मुंबईतल्या एका सत्र न्यायालयाची आणि शाहीर नारायण कांबळे यांची गोष्ट कागदावर असताना नेदरलँड्समधल्या एका निधीला ती मोलाची वाटली, आणि आपल्या राज्यात मात्र त्या टप्प्यावर अर्ज करावा असे दारच नव्हते, याची मला मनापासून खंत वाटते. त्या शाहिराची भूमिका करणारे नागपूरचे वीरा साथीदार २०२१ मध्ये करोनाने गेले. असा माणूस पडद्यावर आणायला जो शोध घ्यावा लागतो, त्याचाही खर्च चित्रीकरणाच्या फार आधी सुरू होतो.

शासन काहीच करत नाही असे मी म्हणणार नाही. चित्रपट अनुदान योजना आहे, आणि शासनाचे चित्रपट महामंडळ मराठी चित्रपट फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या चित्रपट-बाजारात नेते, हे चांगलेच आहे. परंतु अनुदान मिळते ते चित्रपट पूर्ण होऊन, सेन्सॉरचे प्रमाणपत्र मिळून, परीक्षणात 'अ' किंवा 'ब' दर्जा मिळाल्यावर. महोत्सवांची रीत याच्या उलट चालते. मोठ्या महोत्सवाला जागतिक प्रीमियर हवा असतो, म्हणजे तो चित्रपट आधी कुठेही दाखवलेला चालत नाही. त्यामुळे तयार चित्रपट निवडीची वाट पाहत थांबतो, निवड झाल्यावर वर्षभर देशोदेशी फिरतो, आणि मग इथे प्रदर्शित होतो. 'किल्ला' फेब्रुवारी २०१४ मध्ये बर्लिनला होता. महाराष्ट्रातल्या चित्रपटगृहांत तो आला जून २०१५ मध्ये. या सगळ्या काळात कर्जाचे व्याज थांबत नाही. निमंत्रण आले तरी महोत्सव सहसा दिग्दर्शकाचे तिकीट आणि काही रात्रींचा मुक्काम देतो. छायालेखक, ध्वनिसंयोजक, मुख्य कलावंत यांनी आपापले पाहावे लागते. व्हिसासाठी बँकेची विवरणपत्रे आणि आयकराची कागदपत्रे जोडावी लागतात, आणि नियमित उत्पन्न नसलेल्या कलावंताची फाइल तिथेच लंगडी पडते.

केरळकडे पाहावे, अशी माझी विनंती आहे. तिथल्या राज्य चित्रपट विकास महामंडळाने महिला दिग्दर्शकांसाठी आणि अनुसूचित जाती-जमातींच्या दिग्दर्शकांसाठी योजना काढली आणि निवडलेल्या पटकथेला दीड कोटी रुपयांपर्यंतचे निर्मितीसाहाय्य दिले. तिच्यावर वाद झाले, तरी पैसा चित्रीकरणाच्या आधी मिळतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. कानवडे यांच्यासारखा, चित्रपटसृष्टीशी घराण्याचा संबंध नसलेला मुलगा असे काम करू पाहतो, तेव्हा पहिली दोन वर्षे तग धरणे हेच त्याच्यापुढचे सर्वांत मोठे संकट असते.

म्हणून माझी मागणी अशी की, अनुदान योजनेतील काही रक्कम दरवर्षी मोजक्या पटकथांसाठी वेगळी ठेवावी आणि तिला प्रदर्शनाची अट घालू नये. यात काही पटकथांचे चित्रपट होणारही नाहीत, ते गृहीत धरूनच ही तरतूद करावी लागेल. दुसरे असे की, मान्यताप्राप्त महोत्सवाचे निमंत्रणपत्र हाती आले की प्रवास, डीसीपी (चित्रपटगृहात दाखवण्यासाठीची डिजिटल प्रत) आणि सबटाइटल्स यांचा खर्च पंधरा दिवसांत मंजूर व्हावा आणि चमूच्या व्हिसासाठी विभागाचे पत्र मिळावे. फाइल मंत्रालयात फिरत राहिली तर तोवर महोत्सव संपलेला असतो.

चित्रपट परत आल्यावरचा प्रश्न याहून अवघड आहे, कारण बहुपडदा चित्रपटगृहात त्याला सकाळी साडेनऊचा एखादा खेळ मिळतो आणि पुढच्या शुक्रवारी तोही जातो. महापालिका आणि नगरपालिकांच्या नाट्यगृहांत रिकाम्या दिवसांची वानवा नाही. त्यांपैकी निदान प्रत्येक जिल्ह्यातील एका नाट्यगृहात चांगला प्रोजेक्टर आणि ध्वनियंत्रणा बसवून महिन्यातून दोन दिवस हे चित्रपट माफक तिकिटात दाखवता येतील, आणि फिल्म सोसायट्यांची मंडळी त्याचे नियोजन आनंदाने करतील.

या तिन्ही बाबींचा मसुदा तयार करताना अशा प्रवासातून गेलेले दिग्दर्शक, निर्माते आणि तंत्रज्ञ यांना बैठकीला बोलवावे. येत्या अर्थसंकल्पाच्या आधी ही बैठक व्हावी, अशी आग्रहाची विनंती करते.

आपली विश्वासू,
मराठी चित्रपटांची एक सबटाइटलकार