डिलिव्हरीच्या टेम्पोला थांबायला जागा द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी नुकताच डिलिव्हरीच्या टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून लागलोय. गाडी पिकअप, माल भिवंडीच्या गोडाऊनमधून भरायचा आणि घणसोली, कोपरखैरणे, वाशीला टाकायचा. पहिल्याच दिवशी जे बघितलं ते लिहितोय, कारण या लाइनमधला कुणीही भेटला की हेच सांगतो, आणि पेपरात टेम्पोवाला येतो तो फक्त रस्ता अडवणारा म्हणून.

गाडी चालवायचं टेन्शन नव्हतं. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने साडेसात हजार किलोपर्यंतच्या गाडीला साधं एलएमव्ही म्हणजे हलक्या गाडीचं लायसन्स चालतं असा निकाल दिला, त्यामुळे माझ्यासारख्या पोरांना या कामात यायला सोपं झालंय. मानकोलीहून निघालं की खारेगाव, मुंब्रा बायपास, शिळफाटा, महापे, ट्रॅफिक लागतं पण गाडी सरकत तरी असते. माल कसा लावायचा ते सोबतच्या काकांनी शिकवलं, शेवटचा ड्रॉप म्हणजे शेवटी उतरवायचा माल सगळ्यात आधी आत, पहिला ड्रॉप मागच्या फाळक्याशी, फ्रिज उभाच ठेवायचा, आडवा करायचा नाही, आणि रस्सी हाताने ओढून बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

खरी अडचण गाडी थांबवली की सुरू होते. घणसोलीत एका टॉवरच्या गेटवर वॉचमन म्हणाला कमर्शियल गाडी आत सोडायची ऑर्डर नाही. बाहेर दोन्ही बाजूंना कार लागलेल्या, मग काय, रस्त्यातच उभी केली, मागे बस येऊन हॉर्न मारतेय, रिक्षावाले शिव्या देतायत. माल होता फ्रंट लोड वॉशिंग मशीन. हे मशीन साठ-सत्तर किलोचं असतं, आत काँक्रीटचं वजन बसवलेलं असतं म्हणून एवढं जड. ते काकांनी आणि हेल्परने उतरवलं तर लिफ्टपाशी सांगितलं की ही मेंबर लोकांची लिफ्ट आहे आणि सामानाची बंद आहे. म्हणून जिन्याने, खांद्यावर पट्टा टाकून, पाचव्या मजल्यापर्यंत. काकांचं वय पन्नाशीच्या पुढे आहे. मला हात लावायचा होता पण स्टेअरिंग सोडता येत नव्हतं, गाडीत माणूस नसेल तर टोइंगवाले उचलून नेतात. म्हणजे जागा नसल्यामुळे तिघांचं ओझं दोघांवर येतं हे कुणी लक्षात घेत नाही. आणि एवढं करून मी गाडीत बसलेलो असताना नो पार्किंगचं ई-चलान झालंच, ते माझ्या पगारातून कापणार हे कामावर घेतानाच सांगितलेलं.

लघवीचा विषय लिहायला लाज वाटते पण लिहितो. गोडाऊन सोडल्यापासून दुपारपर्यंत कुठे जाणार? गाडी सोडून जाता येत नाही आणि सोसायटीत विचारलं तर बाहेर बघा म्हणतात, गेटला वॉचमनसाठी बाथरूम असतं तरीसुद्धा. काका म्हणून सकाळपासून पाणीच कमी पितात, मेच्या उन्हात पण. हे बरोबर नाही.

कोपरखैरण्यात माथाडींच्या वस्तीत गल्ली एवढी अरुंद की आरसे मिटवून गाडी घातली, पण तिथे एका आजोबांनी नातवाला स्वतःची बाइक काढायला लावली, थंड पाणी दिलं आणि कपाट उतरवताना कडेला हात पण लावला. त्यांचा जन्म मार्केटमध्ये गोणी उचलण्यात गेलाय, त्यांना सांगावं लागलं नाही.

नवी मुंबई आखून वसवलेलं शहर आहे. ते वसवणारी सरकारी कंपनी सिडको 1970 ची, मुंबईतले घाऊक बाजार इथे आणले, तुर्भ्याला ट्रक टर्मिनल झालं, म्हणजे मोठ्या ट्रकचा विचार झाला होता. पण आता माल दुकानात कमी आणि घरोघरी जास्त जातो, आणि ज्या गल्लीत जातो तिथे तो उतरवायला पंधरा फुटांची मोकळी जागा नाही. कायद्यात सोय आहे. मोटार वाहन कायदा 1988, कलम 117, त्यात गाड्यांच्या पार्किंगच्या आणि थांब्याच्या जागा स्थानिक संस्थेशी बोलून ठरवायचा अधिकार दिलेला आहे. मग नवी मुंबई आणि ठाणे महापालिकेने ट्रॅफिक पोलिसांबरोबर बसून प्रत्येक सेक्टरमध्ये, घोडबंदर रोडच्या मोठ्या कॉम्प्लेक्ससमोर, माल उतरवायच्या जागा पट्टे मारून ठेवाव्यात, वीस मिनिटांची मर्यादा घाला, जास्त थांबला तर खुशाल दंड करा, आणि तिथे कार लावणाऱ्यालाही करा.

सोसायटीच्या कमिट्यांना पण विनंती आहे, येत्या मीटिंगमध्ये हा विषय घ्या. सामानाची लिफ्ट चालू ठेवा, गेटवरचं बाथरूम डिलिव्हरीवाल्यांना वापरू द्या आणि तसं वॉचमनला लेखी देऊन ठेवा, कारण तो बिचारा पण नोकरीच करतोय, वरून ऑर्डर असल्याशिवाय तो कुणाला आत सोडणार नाही.

एक टेम्पो ड्रायव्हर, रबाळे