यंत्राचा कागद आणि आईची नाडी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रसूतीच्या वेळी पोटाला पट्टा बांधून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढणारे सीटीजी यंत्र आता तालुक्याच्या गावीही दिसते, आणि ‘ठोके कमी झालेत, सिझर करावे लागेल’ असे कानावर पडले की सही करायला घरचे कुणी क्षणभरही थांबत नाहीत. त्या कागदावर किती विसंबावे, याविषयी प्रसूतिकक्षात 32 वर्षे काढलेली परिसेविका म्हणून लिहीत आहे.

एका रात्री एका पहिलटकरणीच्या आलेखावर बाळाचे ठोके मिनिटाला 140 वरून एकदम 90 वर आले. शस्त्रक्रियेची तयारी सुरू झाली. मी सवयीने तिच्या मनगटावर बोटे ठेवली, तर यंत्राचा आवाज आणि तिची नाडी बरोबर एकत्र पडत होती. कूस बदलताना पट्टा सरकला होता आणि यंत्र आईचेच ठोके मोजत होते. पट्टा नीट बसवताच बाळाचे ठोके 144 लागले. याच्या उलट होणारी चूक तर अधिक घातक असते, कारण जोर करताना आईची नाडी 120 च्या पुढे, म्हणजे बाळाच्या ठोक्यांइतकी, जाऊ शकते आणि यंत्राने तीच पकडली, तर बाळ गुदमरत असतानाही कागद निर्धोक दिसतो.

सुमारे 37 हजार स्त्रियांचा समावेश असलेल्या 13 चाचण्यांच्या कोक्रेन आढाव्यात (वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या अहवालात) सतत सीटीजी लावल्याने नवजात बाळांना झटके येण्याचे प्रमाण निम्म्यावर आले, हे मोलाचेच आहे; मात्र बालमृत्यू किंवा सेरेब्रल पाल्सी (मेंदूला इजा होऊन हालचालींवर येणारे कायमचे अपंगत्व) कमी झाल्याचे आढळले नाही, आणि सिझर वाढले. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये सांगितले की, निरोगी स्त्रीला आपणहून कळा सुरू झाल्या असतील तर सतत सीटीजी नको. त्याऐवजी डॉप्लरने (ठोके ऐकवणाऱ्या हातातल्या छोट्या यंत्राने) किंवा पोटाला लावायच्या नळीने कळांच्या सक्रिय टप्प्यात दर 15 ते 30 मिनिटांनी आणि बाळ खाली सरकताना दर 5 मिनिटांनी, प्रत्येक वेळी निदान एक मिनिट ठोके ऐकावेत. रक्तदाब वाढलेला असेल, बाळाची वाढ खुंटली असेल, पाण्यात बाळाने शी केली असेल किंवा कळांचे औषध सलाईनमधून चालू असेल, तर मात्र यंत्र हवेच.

पण रात्रपाळीला एकटी परिचारिका चार-पाच बाळंतिणींकडे पाहत असेल, तर दर 5 मिनिटांनी कान लावणार कोण? मग सरसकट पट्टा बांधला जातो. प्रसूतिकक्षातील परिचारिकांची रिक्त पदे आधी भरावीत, आणि ठोके घसरल्याचे कारण देऊन सिझर ठरवण्यापूर्वी आईची नाडी हाताने मोजून त्याच कागदावर वेळेसह लिहिण्याची सक्ती करावी, अशी आरोग्य विभागाला माझी विनंती आहे.

आपली,
एक निवृत्त परिसेविका, सातारा