वैजूला, बऱ्याच दिवसांनी

एडिसन, न्यू जर्सी
जुलै २०२६

प्रिय वैजू,

आधी शिव्या घालून घे. तुझ्या वाढदिवसाला नुसता केकचा इमोजी, मग तुझ्या व्हॉइस नोटला निळी टिक आणि पुढे चिडीचूप, सगळं मला माहितीये. पण आता जे लिहायचंय ते व्हॉट्सअॅपवर मावणार नाही आणि फोनवर तू मधेमधे बोलतेस, म्हणून ही लांबलचक मेल. चहा घेऊन बस.

तब्येती ठीक. माझा थायरॉइड आहे तिथेच, नितीनची बीपीची गोळी बदलली, गुडघे दोघांचेही बोलतात. झालं.

इराबद्दल लिहायचंय.

जूनमध्ये एडिनबराहून घरी आली होती, युनिव्हर्सिटीचं दुसरं वर्ष संपवून. आणि वैजू, पोरगी इतकी चांगली वागली ना, की मला तेव्हाच शंका यायला हवी होती. न सांगता भांडी घासली. नितीनबरोबर देवळात गेली. माझ्या भिशीच्या बायकांना कांदेपोहे करून घातले आणि वर ‘अजून घ्या ना काकू’. आणि जुलै लागल्यावर म्हणाली, आई मी लवकर परत जाते, ऑगस्टमध्ये फ्रिंजला जॉब मिळालाय. आता एडिनबराचा फ्रिंज म्हणजे काय ते तुला सांगते, १९४७ पासून दर ऑगस्टला होतो, हजारो प्रयोग, थिएटरं पुरत नाहीत म्हणून चर्चच्या हॉलात, पबच्या माडीवर, तळघरात नाटकं. पुरुषोत्तम करंडकासाठी रात्ररात्र रांगेत उभी राहणारी तू, तुला तर वेडच लागेल. तिकिटं फाडायला, पत्रकं वाटायला मुलं लागतातच, आणि तिच्या व्हिसावर सुट्टीत पूर्णवेळ काम चालतं. म्हणजे सगळं पटण्यासारखं. मी तर भिशीत सांगूनही मोकळी झाले.

ती गेली. आणि मग आमचा एक ग्रुप आहे, इकडून तिकडे शिकायला गेलेल्या पोरांच्या आयांचा, अमेरिकन-कॅनडियन सगळ्या, त्यात टोरांटोच्या एका बाईने सहज विचारलं की ऑगस्टच्या रीसिटसाठी कुणाकुणाची मुलं लवकर परत गेलीत, माझ्या मुलाला सोबत हवीये.

ऑगस्टची रीसिट! म्हणजे आपली ऑक्टोबर. मे महिन्यात जो पेपर उडाला तो ऑगस्टच्या सुरुवातीला परत द्यायचा.

वैजे, एनएसएस कॅम्प.

मी हातातली कणीक तशीच ठेवून खुर्चीत बसले. त्या वर्षी गणपतीला तू घरी गेली नाहीस, साताऱ्याला कळवलं की कॅम्प आहे, आणि आबांचा फोन आला तेव्हा रेक्टरबाईंच्या खोलीत उभं राहून ‘हो आबा, वैजू झाडं लावायला गेलीये’ हे कोण बोललं होतं? मीच. आणि झाडं लावणारी बया वरच्या मजल्यावर इंटिग्रेशनची गणितं सोडवत रडत होती. तुझा एटीकेटी मला, तुला आणि (तुझ्या मते) सुलूला माहीत होता. मी सुलूला सांगितलं नव्हतं. तीस वर्षांनीही सांगते, नव्हतं सांगितलं, तिने तुझं हॉलतिकीट पाहिलं उशीखाली. तू तेव्हा माझ्याशी दिवाळीपर्यंत बोलली नव्हतीस आणि माझी कढई पण परत केली नव्हतीस.

असो. तर मला पुरावा काही नाहीये. फक्त भांडी आणि कांदेपोहे.

आता तू म्हणशील मार्क बघ की. अगं तोच तर घोळ आहे. तिकडचे मार्क इकडच्या माणसाला वाचता येत नाहीत. तिकडे सत्तरच्या वर म्हणजे फर्स्ट, साठ ते सत्तर म्हणजे टू-वन, त्यातच बहुतेक सगळे आनंदी, चाळीसला पास. पहिल्या वर्षी तिला एका निबंधात ६४ मिळाले तर नितीन जेवला नाही. इकडे ६४ म्हणजे डी, नापासाच्या उंबरठ्यावर. त्याने एक्सेल शीट करून जीपीए काढला आणि म्हणाला हिचं करिअर संपलं. मी म्हटलं अरे बाबा, तू पण पुण्यात शिकलास ना, आपल्याकडे साठला फर्स्ट क्लास म्हणून पेढे वाटायचे, सत्तरला डिस्टिंक्शन, पेपरात फोटो, हे सगळं आपल्याकडे आलं कुठून, त्यांच्याकडूनच तर आलं! पण पंचवीस वर्षं इथे राहून त्याच्या डोक्यात ९४ च्या खाली सगळं अंधार. मग मी दोन वर्षं तिची वकिली केली. ५८ आले तरी मी म्हणायचे, टू-वन हुकला, काय बिघडलं. पहिली दोन वर्षं डिग्रीच्या क्लासमध्ये धरतच नाहीत, पुढची दोन धरतात. पण वैजू, धरत नसले तरी पास व्हावं लागतंच, नाहीतर ऑनर्सच्या, म्हणजे तिसऱ्या वर्षाला घेत नाहीत. आणि मी इतकी जोरात वकिली केली की आता तिने मला नुसतं ‘ओके आहे’ म्हटलं तरी पुढे विचारायची सोय राहिली नाही.

शिकवतातही कसं बघ. हिस्टरीचे आठवड्याला आठ-दहा तास क्लास, बाकी वेळ तुम्ही आणि लायब्ररी. इकडे कॉलेजात दर आठवड्याला क्विझ, होमवर्क, मिडटर्म, हजेरी, आणि काही कमी पडलं तर प्रोफेसरला मेल टाकून एक्स्ट्रा क्रेडिट मागायचं. पडत असलात तर कुणीतरी ओरडतं तरी. तिकडे एक निबंध, एक परीक्षा, संपलं. इकडच्या शाळेत वाढलेलं पोर तिथे गेलं की सप्टेंबर-ऑक्टोबर मजेत, काही कामच नाही म्हणून, आणि डिसेंबरात कळतं की काम रोजच होतं. वर तो डिसेंबर! दुपारी पावणेचारला सूर्य मावळतो. आपण हॉस्टेलवर पावणेचारला दुपारच्या झोपेतून उठायचो.

युनिव्हर्सिटीला विचारू म्हटलं तर तेही नाही. अठरा पूर्ण झाली, तिच्या परवानगीशिवाय आईबापाला एक अक्षर सांगत नाहीत. तसा कायदा इकडेही आहे, पण इकडे पोरं फॉर्मवर सही करून देतात आणि बाप पोर्टलमध्ये बसलेला असतो. तिकडे पेरेंट्स वीकेंड नाही, डीनची मेल नाही, काही नाही. अठराव्या वर्षी बिअर पण देतात. खरं तर मला हेच आवडलं होतं गं. मोठ्या माणसासारखं वागवतात म्हणून मीच कौतुक करायचे.

आणि गेली का तिकडे, तर तिचं कारण मला अजून पटतं. तिला इतिहासच शिकायचा होता. इकडे पहिली दोन वर्षं थोडं गणित, थोडं सायन्स, थोडं कायकाय. तिकडे फॉर्मवरच विषय लिहायचा. पाच युनिव्हर्सिटी, एकच फॉर्म, त्यात तेव्हा हा विषय का शिकायचाय ते चार हजार अक्षरांत लिहायचं होतं, आणि एपीचे, म्हणजे इकडच्या शाळेतल्याच कॉलेजच्या पातळीच्या परीक्षांचे, स्कोअर. बास. भरतनाट्यमचं अरंगेत्रम कुणी विचारलं नाही!! तू पाठवलेली टेम्पल ज्वेलरी, चेन्नईहून आलेले मृदंगमवाले, भाड्याचा हॉल, तीन गावच्या लोकांना जेवण, यातलं काहीही त्या फॉर्ममध्ये लिहायला जागाच नव्हती. नितीनचा चेहरा बघायला हवा होतास. पैशाचं म्हणशील तर इकडच्या नावाजलेल्या प्रायव्हेट कॉलेजांना राहण्याखाण्यासकट वर्षाला ऐंशी हजार डॉलरच्या वर लागतात, त्यापेक्षा ते स्वस्तच पडलं, आणि कॉलेजसाठी साठवलेले ५२९ खात्यातले पैसे तिकडेही चालले. फक्त व्हिसाबरोबर तिकडच्या सरकारी दवाखान्याची फी, वर्षाला ७७६ पौंड, सगळ्या वर्षांची एकदम भरताना तो जरा घोटभर पाणी प्याला. रटगर्स युनिव्हर्सिटी घराजवळ होती आणि त्याहून स्वस्त, हे मी म्हटलं होतं. एकदाच.

मला पटवलं कसं माहितीये? प्रिन्स्टनला विदरस्पून स्ट्रीटवर आइस्क्रीम खात होतो. म्हणाली, आई, हा विदरस्पून एडिनबराचा शिकलेला, इथल्या कॉलेजने प्रेसिडेंट म्हणून बोलावलं तर त्याची बायको समुद्र ओलांडायला तयार नव्हती. तेव्हा इथूनच तिकडे डॉक्टरकी शिकायला गेलेला एक पोरगा, बेंजामिन रश, तो त्यांच्या घरी गेला आणि त्या बाईची समजूत काढली. १७६८ मध्ये ते इकडे आले, त्याच वर्षी रश तिकडे एमडी झाला, आणि पुढे १७७६ ला दोघांनी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या. म्हणाली, मी पण बाईची समजूतच काढतेय. आता अशा पोरीला नाही कसं म्हणायचं? नितीनने रात्री वर बाबासाहेबांचा दाखला दिला, १९१३ ला कोलंबिया, १९१६ ला लंडन, आधी न्यूयॉर्क मग इंग्लंड असाच रस्ता. मी म्हटलं, बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करायचे, आपली दुपारी एकला उठते.

सांगलीच्या आत्यांचं वेगळंच. स्कॉटलंडच्या जुन्या युनिव्हर्सिट्यांत चार वर्षांच्या आर्ट्सच्या डिग्रीला पहिल्याच फटक्यात एमए म्हणतात. तेव्हापासून आत्या सगळीकडे सांगत फिरतात, आमची इरा बारावीनंतर डायरेक्ट एमएला. आता रीसिट निघाली तर आत्यांना काय सांगू, वर्षभर झाडं लावतेय म्हणून?

नितीनला अजून काही बोलले नाहीये. त्याला सांगितलं की तो रात्रीच फोन लावणार, आणि तिच्याकडे तेव्हा पहाटेचे तीन. नाहीतर म्हणेल तुझ्या श्रीला पाठव. श्रीने बिचाऱ्याने तिच्या फ्लॅटसाठी गॅरंटर म्हणून सही केली, तिकडे राहणाऱ्या माणसाची सही लागते, नाहीतर सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागतात, ते त्याचे उपकार आधीच डोक्यावर आहेत. तो खाली इंग्लंडात रेडिंगला, ती वर एडिनबराला. नागपूरच्या माणसाला सावंतवाडीला डोकावून ये म्हणण्यासारखं आहे ते. आणि हेरगिरी मला करायची नाही.

म्हणून तुला लिहितेय. बाकी कुणाला विचारलं तर मुलांशी मोकळेपणाने बोला असं काहीतरी सांगतील. तू त्या वरच्या खोलीत होतीस. आबा फोनवर काय बोलले असते तर तू खरं सांगितलं असतंस? का काहीच बोलले तरी सांगितलं नसतंस? मला आठवतं, तो फोन ठेवून मी वर आले आणि तुला म्हटलं आबांना कळव, ते काही करणार नाहीत, तर तू म्हणालीस ते काही करणार नाहीत म्हणूनच. मला तेव्हा ते काही समजलं नव्हतं, मी रागावून खाली मेसला निघून गेले. आता पोरीला फोन लावायला हात पुढे केला की नेमकं तेच आठवतं आणि मी भाजी काय केली ते विचारून ठेवून देते.

आणि समज, नसेलच रीसिट. खरंच तिकिटं फाडत असेल. मग मी विचारलं तर काय होईल, आई माझ्यावर विश्वास ठेवत नाही. दोन्हीकडून मीच मरणार.

परवा रात्री मी नेवार्कहून एडिनबराचं तिकीट काढलं होतं. इथे चोवीस तासांत कॅन्सल केलं की पैसे परत मिळतात, म्हणून काढलं, आणि सकाळी कॅन्सल केलं. फ्रिंज बघायला आले असं सांगता येईल की नाही? पण ती परीक्षेला बसली असेल आणि मी दारात लाडवांचा डबा घेऊन, तर तिला पेपर सुचेल का गं? आबा एकदा असेच स्वारगेटला उतरले होते ना, न कळवता. त्या दिवशी तुझं काय झालं ते तू मला कधी सांगितलं नाहीस. तेव्हा आपला अबोला होता. ते सांग. सगळं सांग, मला उपयोगाचं आहे.

बरं, तुझं. घराच्या रीडेव्हलपमेंटचं कुठवर आलं, बिल्डर भाडं देतोय का? सासूबाईंचं मोतीबिंदूचं झालं का? निनादच्या मुलीकडच्यांना भेटलात असं व्हॉइस नोटमध्ये होतं, मला पसंत आहे, फोटो न बघताच. भाऊजींनी व्हीआरएस घेतली ते उत्तम केलं, आता त्यांना स्वयंपाक शिकव. तारीख ठरली तर आधी मला कळव, डिसेंबरची तिकिटं सोन्याच्या भावात असतात.

लगेच लिही. व्हॉइस नोट नको, नितीन गाडीत स्पीकरवर लावतो.

तुझी,
मीनू

ता. क. कढई अजून आहे का तुझ्याकडे? खरं सांग.