दादांची हेराल्ड सापडली

प्रिय बंडू,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीपासून तुझ्या दोन पत्रांना उत्तर दिले नाही, त्याबद्दल जे बोलायचे ते बोल, ऐकून घेईन. साखर आटोक्यात आहे, आईही बरी आहे. आज लिहायला बसलो त्याचे कारण वेगळे आहे. साताऱ्यात एका गॅरेजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दादांची हेराल्ड गाडी उभी आहे. तिला आता लाल रंग दिला आहे, त्यामुळे आधी ओळखू आली नाही. पण डॅशबोर्डवर गणपती बसवण्यासाठी तू पाडलेली दोन वाकडी भोके दिसली आणि मी तिथेच मटकन बसलो.

मालक ती विकायला तयार आहे आणि तेव्हापासून माझी झोप उडाली आहे. सोसायटीत मला गाडीची जागा एकच, आणि तिथे अण्णांची फियाट.

म्हणून परवा फियाट घेऊन गेलो आणि दोन्ही गाड्या पाठोपाठ यवतेश्वरच्या घाटात चालवून पाहिल्या. चढाला फियाटच सरस. तिचे 1089 सीसीचे इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये जिथे निवांत ओढते, तिथे हेराल्डच्या 948 सीसीला दुसरा टाकावा लागतो. (खंबाटकीत त्या वर्षी तू पुढे गेलास, कारण आमच्या फियाटच्या इंजिनाचा पेट्रोलपंप तापला होता आणि मी त्याला ओले फडके गुंडाळत बसलो होतो. त्याला शर्यत जिंकणे म्हणत नाहीत, हे चाळीस वर्षांनी तरी मान्य कर.) उतारावर मात्र हेराल्डची भीती वाटते. वळणात घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला, की तिची मागची चाके पोटाखाली दुमडू पाहतात. दादा वळणाआधीच वेग का कमी करत, ते आता कळले.

सोयीच्या बाबतीतही फियाटचेच पारडे जड आहे. तिला चार दरवाजे आहेत आणि गिअर स्टिअरिंगला असल्यामुळे पुढे तिघे बसतात. हेराल्डला दरवाजे दोनच. आईला मागे बसवायचे तर पुढची सीट दुमडून तिला अक्षरशः आत सरकवावे लागेल. सुट्या भागांचे म्हणशील, तर ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईची शेवटची पद्मिनी, म्हणजे फियाटच, टॅक्सी म्हणून रस्त्यावरून गेल्यापासून फियाटचेही जपूनच वापरावे लागतात, पण निदान मिळतात. हेराल्डचे मिळवणे म्हणजे वधूसंशोधन.

इतके सगळे स्पष्ट असताना मी का अडलो आहे, ते तुलाच सांगता येईल. गॅरेजसमोरच्या बोळात मी हेराल्ड एका दमात, रिव्हर्स न घेता, उलटी फिरवली. ती पंचवीस फुटांच्या वर्तुळात वळते हे आपण लहानपणी कितीदा ऐकले होते, पण दादांनी कधी स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. मग मडगार्डांसकट सगळे बॉनेट पुढे उचलले आणि दादा बसत तसा चाकावर बसून प्लग पाहिले. फियाटमध्ये हेच काम कंबर मोडून करावे लागते. सौ. म्हणाली, "एवढे हसताना तुम्हाला बऱ्याच वर्षांनी पाहिले."

अण्णांची फियाट मी विकणार नाही, हे तुला ठाऊक आहेच. हेराल्ड कोणा परक्याच्या दारात जावी, हेही सोसवत नाही.

तुझ्या गुडघ्याचे ऑपरेशन ठीक झाले ना? चिमीच्या लग्नाची तारीख ठरली की लगेच कळव. मालकाला मी रविवारपर्यंत थांबवले आहे. त्याआधी तुझ्या अंगणातली आंब्याखालची जागा मोजून ठेव. हेराल्ड लांबीला पावणेतेरा फूट भरते.

तुझा,
नाना